इंदूरच्या पाण्यात कापडी डायपर: कोणते घ्यावेत, कसे धुवावेत, कुठे फसतात

कापडी डायपरबद्दल इंदूरच्या मराठी घरांत ऐकू येणारी तक्रार ठरलेली असते. पहिले दीड-दोन महिने छान चालले, मग एकेक गळायला लागला, कितीही धुतला तरी वास जाईना, आणि सगळा संच कपाटात गेला. बहुतेक वेळा दोष डायपरचा नसतो, तो ज्या पाण्यात धुतला त्या पाण्याचा असतो. म्हणून आधी पाण्याबद्दल. कापड, बटणं आणि छापील हत्ती-ससे नंतर.

शहरात पाणी दोन जातींचं. एक नर्मदेचं. ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणलं जातं, १९७८ पासून. बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. दुसरं बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या खडकाच्या भेगांतून वर येणारं, आणि पुष्कळ ठिकाणी जड. जड म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. हे क्षार पावडरची अर्धी ताकद खाऊन टाकतात आणि साबणाशी मिळून पांढरट साका तयार करतात. साका धाग्यांत बसत जातो. काही आठवड्यांनी डायपरच्या आतलं शू शोषणारं पॅड हाताला पुठ्ठ्यासारखं लागतं आणि शू आत मुरण्याऐवजी त्यावरून घसरून मांडीशी बाहेर येते.

आपलं पाणी कसं आहे ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. पाण्यावर भरघोस फेस आणि खाली पाणी जवळजवळ स्वच्छ, तर पाणी हलकं. फेस नाममात्र आणि पाणी ताकासारखं गढूळ, तर जड. कपड्याची पावडर यासाठी चालत नाही, ती जड पाण्यातही फेस करते आणि फसवते. आरओवाला पेनसारखं यंत्र बुडवून टीडीएसचा आकडा सांगतो, तोही पुरेसा नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे पदार्थ, आणि जडपणा हा त्यातला एक भाग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची पसंतीची मर्यादा लीटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या ६०० च्या आसपासचं पाणी पिण्याला चालवून घेतलं, तरी डायपर त्यात टिकत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. बऱ्याच घरांत नर्मदा आणि बोरिंग दोन्ही एकाच टाकीत चढतात. ‘आमच्याकडे नर्मदा आहे’ असं म्हणणाऱ्या घरातही मशीनला मिळतं ते मिश्रण. म्हणून बाटलीची चाचणी मशीनच्या नळाच्या पाण्यावर करा, स्वयंपाकघरातल्या थेट लाइनच्या पाण्यावर नको.

आता माल.

लंगोट आणि वर कव्हर. पहिल्या तीन महिन्यांसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा वेळा बदलावं लागतं, मांड्या काडीसारख्या असतात, आणि ‘५ ते १७ किलो’ असं लिहिलेला एकमापी डायपर तीन किलोच्या बाळाच्या पायाशी उघडाच राहतो. बाळंतविड्यात येणारे लंगोट म्हणूनच कामाचे. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे असतील तर सोन्याहून पिवळं. त्या कापडातली खळ कधीच निघून गेलेली असते, धागा उमललेला असतो आणि ओल लगेच ओढतो. महेश्वरीचा तुकडा मात्र वापरू नका. त्यात बहुधा रेशीम असतं आणि ते शू धरत नाही.

नवं मलमल घ्यायचं तर सीतलामाता बाजारात किंवा एमटी क्लॉथ मार्केटात मीटरवर मिळतं. १२० सेंटीमीटर पन्ह्याचं ६ मीटर कापड घेतलं तर ६० सेंटीमीटरचे २० चौकोन निघतात. पण सुती कापड आटतं, म्हणून साडेसहा मीटर घ्या, आधी गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवा आणि मगच कापा. हे न करता थेट वापरलं की पहिल्याच दिवशी ‘कापड शू पीतच नाही’ असं वाटतं. कडा बारीक दुमडून शिवा, गाठ आतल्या बाजूला येऊ देऊ नका. नाळ पडेपर्यंत लंगोटाचा वरचा काठ बेंबीच्या खाली दुमडलेला हवा, म्हणजे नाळेला हवा लागते आणि ओल लागत नाही. सेफ्टी पिन नकोच, नाडी पुरते. नाडी पोटावर आवळू नये, खाली दोन बोटं सहज जावीत. लंगोट घालून वर बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळायची पद्धत काही घरांत अजून आहे. तीही सोडावी, त्याने खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. पाय बेडकासारखे दुमडलेले आणि मोकळे राहायला हवेत.

नुसता लंगोट म्हणजे दर वेळी दुपटं ओलं. त्यावर जलरोधक कव्हर घातलं की प्रश्न सुटतो. मांडीला इलॅस्टिकची दुहेरी घडी असलेलं कव्हर बघून घ्या. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ पिवळी असते आणि एकेरी इलॅस्टिकमधून हमखास निसटते. अशी ६ कव्हरं आणि ३० लंगोट असले की बाळंतपणाचे दिवस निभतात.

पॉकेट डायपर. बाजारात सगळ्यात जास्त हेच. बाहेरचं कापड जलरोधक पीयूएलचं (म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेलं), आत मऊ पॉलिस्टरचं अस्तर, आणि दोन्हींच्या मधल्या खिशात पॅड घालायचं. बाळाचं साधारण पाच-सहा किलो वजन झालं की हे नीट बसायला लागतात. रचना चांगली आहे, घोटाळा पॅडचा आहे. स्वस्त संचात बहुतेक मायक्रोफायबरचं पॅड येतं. ते झटकन ओढतं, पण स्पंजसारखं. दाबलं की सोडतं. आपल्याकडे मूल दिवसभर कोणाच्या तरी कडेवर असतं आणि कडेवर घेतलं की पॅड नेमकं मांडीपाशी दाबलं जातं. साडीची कंबर ओली झाली, तर पॅड भरलं म्हणून नव्हे, दाबलं म्हणून.

उपाय सोपा आहे. मायक्रोफायबर वर आणि त्याच्या खाली सुती किंवा हेंपचं, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या धाग्याचं, पॅड. वरचं पटकन ओढतं, खालचं धरून ठेवतं. खालीवर झालं तर उपयोग नाही. आणि मायक्रोफायबर कातडीला थेट लावू नका. ते कातडीतलाही ओलावा ओढतं, कातडी कोरडी पडून लाल होते.

घेण्याआधी किंवा घरी आल्याबरोबर पॅडची चाचणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करता येते. कोरड्या पॅडचं वजन घ्या, दहा मिनिटं पाण्यात बुडवा, बाहेर काढून दोन्ही तळव्यांत मध्यम दाबा, पुन्हा वजन घ्या. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर. दाबून पाहायचं एवढ्यासाठी की बाळ पॅडवर बसणार आहे. वर्षाच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ७० ते ९० मिलिलीटर मावतं, तेव्हा दोन-तीन तासांसाठी दाबानंतरही २०० ग्रॅम धरणारी जोडी हवी. रात्रीसाठी ३५०च्या खाली मी घेणार नाही. नव्या सुती पॅडचं वजन पहिल्या चाचणीत कमीच भरतं. धाग्यातलं नैसर्गिक तेल जायला चार-पाच गरम धुणी लागतात. ती झाल्यावर पुन्हा मोजा.

शिवलेले, म्हणजे ऑल-इन-वन. पॅड आतच शिवलेलं, घालायला सगळ्यात सोपे. पाळणाघरात द्यायला किंवा आजोबांवर बाळ सोपवायला उत्तम. पण मधले थर सुटे होत नाहीत. जेठातल्या उन्हात ते तीन-चार तासांत वाळतात, श्रावणात दोन दिवस ओलसर राहतात आणि कुबट वास धरतात. दोन-तीन नग ठेवा, सगळा संच यांचा करू नका.

बांधायला टिचबटण की वेलक्रो? टिचबटण. नवव्या-दहाव्या महिन्यात मूल वेलक्रो ओढून मोकळं होतं, आणि मशीनमध्ये त्यात धागे अडकून चिकटपणा जातो. बटण तपासायचं तर दुकानातच वीसेक वेळा उघड-बंद करून बघा. सैल बटण तेवढ्यात कळतं, आणि बटणाभोवतीच्या कापडाला ताण पडून बारीक भोक दिसू लागलं तर तो नग परत द्या.

मापाबद्दल थोडं सविस्तर, कारण गळतीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. समोरच्या उभ्या बटणांच्या रांगांनी उंची कमी-जास्त होते. बाळ आडवं असताना डायपर खाली सरकवा, मागची कड कमरेच्या खड्ड्याशी आली पाहिजे. मग मांडीचं इलॅस्टिक बोटाने जांघेच्या घडीत बसवा. मांडीवर नाही, घडीत, जिथे चड्डीची कड असते तिथे. ही एक हालचाल बहुतेक लोक करत नाहीत. मग कंबर लावा. बाळाचे गुडघे पोटाशी आणून बघा, मांडीशी फट दिसली तर कंबर सैल करून उंचीचं बटण एक रांग खाली घ्या. काढल्यावर कातडीवर फिकट वळ दिसला आणि दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक. खोल, लाल आणि टिकणारा वळ म्हणजे माप लहान. मुलग्यांच्या बाबतीत शिश्न खाली वळवून मग डायपर लावा, नाहीतर शू थेट पोटाकडे जाते. त्यांना पॅडची जास्तीची घडी पुढे लागते, मुलींना मध्यावर. घरात बदलणारे हात तीन-चार असतील तर ठरलेल्या बटणांवर कपड्यावरच्या पेनने ठिपका करून ठेवा.

गळाल्यावर डायपर थेट बादलीत टाकू नका. आधी पॅड काढून बघा, ते कारण सांगतं. पॅड टोकापासून टोकापर्यंत निथळत असेल, तर क्षमता कमी पडली किंवा वेळ जास्त गेला. पॅडचा पुढचा भाग ओला, मागचा कोरडा, आणि गळती मांडीला, तर माप चुकलं किंवा दाब पडला. पॅड जवळजवळ कोरडं आणि झबलं ओलं, तर पॅडमध्ये साका किंवा तेलकट थर बसलाय. फक्त कमरेशी ओल, तर पॅडचं किंवा अस्तराचं टोक बाहेर डोकावतंय आणि झबल्याने ते शोषून घेतलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आणखी एक पॅड कोंबणं हा सगळ्यांवरचा उपाय नव्हे. कोंबल्याने मांडीशी फट वाढते आणि गळती उलट जास्त होते.

धुणं. शी हँडशॉवरच्या जोरदार धारेने संडासात पाडा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंतची, नुसत्या अंगावरच्या दुधाची पिवळी शी मशीनमध्ये विरघळते, तरी एक हात फिरवलेला बरा. मग पॅड खिशातून काढून सगळं उघड्या टोपलीत कोरडं ठेवा. बादलीत भिजवून ठेवायची सवय मोडा. साचलेल्या घाण पाण्यात जंतू वाढतात, इलॅस्टिक आणि पीयूएल लवकर मरतं, आणि रांगत्या मुलाच्या घरात भरलेली बादली धोक्याची आहे. बुडायला फार खोल पाणी लागत नाही. टोपलीतही ४८ तासांपेक्षा जास्त नको.

मशीनमध्ये आधी थंड पाण्यात थोडी पावडर घालून २०-३० मिनिटांचं छोटं धुणं आणि ते पाणी सोडून द्या. नंतर ४० ते ६० अंशांवर मोठं धुणं, पूर्ण पावडर घालून. ‘बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर’ हीच वासाची सुरुवात असते. मळक्या कपड्यांना कंपनीने सांगितलेलं प्रमाण घाला, जड पाण्यात त्याहून चौथा भाग जास्त. मशीन तीन-चतुर्थांश भरलेलं हवं. अगदी रिकाम्या मशीनमध्ये कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, ठासून भरलं तर पाणी आतपर्यंत पोचत नाही. शेवटी एक खळबळणं जास्तीचं. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही, तो धाग्यावर थर चढवतो आणि तोच आपल्याला नको आहे. ज्या साबणात तेल-ग्लिसरीन जास्त तोही नको.

बोरिंगचं पाणी जड निघालं तर मोठ्या धुण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, पाणी कोमट-गरम असताना, आणि हातमोजे घालून. खाण्याचा सोडा वेगळा, त्याने हे काम होत नाही. आणि ज्या दिवशी नर्मदा येते त्या दिवशी डायपरचं धुणं लावा. थेट लाइनच्या नळावरून दोन बादल्या आधी भरून ठेवा आणि शेवटचं खळबळणं तरी त्या पाण्यात हाताने करा. पॅडच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. नाहीतरी पाणी एक दिवसाआड, धुणंही एक दिवसाआड, हिशेब जुळतो.

साका बसलाच तर पॅड स्वच्छ धुऊन बादलीत गरम पाण्यात, पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याच्या सोड्यात पाच-सहा तास भिजवा, अधूनमधून काठीने हलवा. ही बादली वर ठेवा किंवा दार लावून ठेवा. पाणी करड्या रंगाचं झालं की साका सुटतोय. मग हलक्या पाण्यात फेस जाईपर्यंत खळबळा. कव्हरं यात टाकू नका, फक्त पॅड. ब्लीचने इलॅस्टिक सैल पडतं, तेही कव्हरांना नको.

वाळवताना पॅड गच्चीवर थेट उन्हात, पिवळे डाग उन्हाने आपोआप फिके होतात. कव्हरं सावलीत. मे महिन्याच्या इथल्या उन्हात पीयूएल कडक होऊन सोलायला लागतं. पॅडला इस्त्री चालते, कव्हराला नाही, पीयूएल वितळतं. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, दोन पॅड एकमेकांवर न येऊ देता पंख्याखाली वाळवा. पॅड खरंच कोरडं आहे का ते मधल्या शिवणीशी दाबून बघा, कडा आधी वाळतात.

यावरूनच खरेदीचं गणित बदलतं. दुकानदार १८ किंवा २४ पूर्ण डायपरचा संच सुचवतो. घ्या १० ते १२ कव्हरं आणि ३० पॅड. कव्हर दोन तासांत वाळतं, थांबावं लागतं ते पॅडसाठी. सुरुवातीला एकाच प्रकारचे सगळे न घेता दोन प्रकारांचे दोन-दोन घ्या, पंधरा दिवस धुऊन बघा, मग पुढचे.

पैशांचं: एकदा वापरून टाकायचा बाजारी डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला सहा लागले, तर महिन्याला १,८०० रुपये. कापडी संचाला ८,००० खर्च झाले तर साडेचार महिन्यांत मुद्दल सुटतं, पावडर-वीज धरली तर सहा. दुसऱ्या मुलालाही तोच संच चालला तर फायदा उघड आहे.

बाजारी डायपर अजिबात वापरू नये असं नाही. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर मुंबईला जाताना, जुलाब लागल्यावर, किंवा आई आजारी असताना ते वापरावेत आणि मनाला लावून घेऊ नये. फक्त टाकताना आतली शी संडासात पाडा, घट्ट गुंडाळी करून कागदात बांधा आणि कचरागाडी आली की सॅनिटरीच्या वेगळ्या डब्यातच द्या, सुक्या कचऱ्यात नाही. पुढे तो कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत.

रॅशबद्दल. कापडी डायपर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच. रात्री जास्त पॅडवर बाळ झोपत असेल तर चालतं, पण रॅश उठलेल्या रात्री नाही. झिंकचं मलम लावलं तर मध्ये पातळ मलमलची पट्टी ठेवा, कारण ते मलम पॅडवर थर चढवतं आणि सहज धुऊन जात नाही. टाल्कम पावडर नको, ती श्वासातून आत जाते. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवणं हे सगळ्यात स्वस्त औषध. घडीच्या आत गडद लाली, भोवती सुटे लाल ठिपके, आणि दोन-तीन दिवसांत कमी नाही, तर ते बुरशीचं असू शकतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नात्यातल्या कोणाचा वापरलेला संच मिळत असेल तर आनंदाने घ्या, पण प्रत्येक कव्हर उजेडाकडे धरून आतली बाजू बघा. पीयूएलला सुरकुतीच्या जागी बारीक तडे किंवा साल सुटलेली दिसली तर ते कव्हर संपलं. मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडा. परत आखडत नसेल पण बाकी कव्हर धड असेल, तर कडेची शिवण दोन बोटं उसवून शिंप्याकडून नवं इलॅस्टिक ओवून घ्या, आणि सुई पीयूएलमधून जाऊ देऊ नका म्हणून त्याला आधी सांगा.